खिडकीच्या उंचीचा पलंग

सुरक्षिततेच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी फुशारकी मारायची म्हणून सांगत नाही. म्हणजे, फुशारकीच आहे, पण खरी आहे. मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे आणि माझ्या कारकिर्दीत तिथे कुणाच्या बोटाला साधं खरचटलेलं नाही. एकाचा दात पडला होता, पण तो कँटीनमधल्या पावाने, आणि कँटीन माझ्या अखत्यारीत येत नाही! कामगार माझ्या पाठीमागे मला 'हेल्मेट' म्हणतात. तोंडावरही म्हणतात. बायको 'अहो' म्हणते, पण सूर तोच असतो.

तर अशा या माणसाने घरच्या घरी, जुन्या लाकडाचा, एक पलंग करायला घेतला.

पलंग हिच्यासाठी होता. ही बरेच दिवस हॉस्पिटलात होती. एका सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आता यांना घरी न्या."

"म्हणजे बरी झाली?" मी उडालोच!

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मला समजलं. तोंड धुऊन मी आत गेलो, तर ही म्हणाली, "मला कालच कळलं होतं. तुम्हाला सगळं एक दिवस उशिरा कळतं. आता रडून झालं असेल तर माझं एक काम करा. मला रस्ता दिसेल असा पलंग करा."

आमच्या पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी आहे आणि समोरच एक सलून. त्या खिडकीत बसून भाजी निवडता निवडता हिने सलूनमध्ये जाणारी-येणारी सगळी डोकी पाठ केली होती. पण खिडकी उंच. साध्या पलंगावर आडवं पडलं, तर त्यातून फक्त आभाळ दिसतं.

"आभाळ काय वाईट आहे?" मी म्हणालो.

"तिकडेच तर चाललेय! ते आत्तापासून काय बघायचं? मला सलून बघायचंय." तिने डोक्याचा रुमाल सारखा केला. "लोकांचे केस जाताना बघितले की बरं वाटतं हो. माझे एकटीचेच गेले असं वाटत नाही."

"मग इथल्यासारखा वर-खाली होणारा लोखंडी पलंग भाड्याने आणतो!"

"तो आणलात तर मी इथेच राहीन! लाकडाचाच हवा. मागच्या खोलीत एवढं भंगार साठवून ठेवलंय, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे."

भंगार! मागची खोली म्हणजे माझी कार्यशाळा. कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या जाडजूड फळ्या, मोडीत काढलेली दारं, बाकांचे पाय. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी नाही घातला.

मदतीला हिची मोठी बहीण, ताई, आल्या. ताईंनी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, त्यामुळे ऐकण्यापेक्षा ऐकवायची सवय जास्त. तरी मी नियमाप्रमाणे काम सुरू करण्यापूर्वीची सूचना दिलीच.

"ताई, आणीबाणीच्या प्रसंगी बाहेर पडायचा मार्ग कोणता?"

"दार."

"कोणतं दार?"

"भाऊजी, खोलीला एकच दार आहे!"

मग हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, जाड हातमोजे, कानांवर आवाज अडवणारे डबे. ऐकू येत नाही म्हणून आम्ही ओरडायचो आणि समोरचा ओरडतोय म्हणून आणखी ओरडायचो! कोपऱ्यात वाळूची बादली. वाळू कशाला, असं ताईंनी विचारलं. आगीसाठी. आग कशाला लागेल? लागू नये म्हणूनच तर बादली!

आता जुन्या लाकडाचा पहिला नियम ऐका: आधी चुंबक, मग करवत. वरून साधी दिसणारी फळी पोटात मोडका खिळा लपवून बसलेली असते. करवत त्यावर गेली की दात तुटतो आणि थेट डोळ्यात! म्हणून मी प्रत्येक फळीवरून, चारही अंगांनी, चुंबक फिरवलं. पहिल्याच फळीला ते खटकन चिकटलं. "सापडला!" मी ओरडलो. बघतो तर ताईंची हेअरपिन!

दुसरा नियम: रंग उडालेलं जुनं लाकूड घासायचं नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ विषारी. एक छान रुंद दार होतं, पण रंगाचे पापुद्रे सुटत होते. मी ते बाजूला काढलं. "बाद! तिच्या अंगाखाली विषारी लाकूड नको."

ताईंनी कानांवरचे डबे काढले. "भाऊजी, आता शिशाने तिचं आणखी काय बिघडणार आहे?"

ताईंनी मास्क खाली ओढून त्याच मास्कने डोळे पुसले. मी म्हणालो, "मास्क वर घ्या, ताई. भुसा आहे." दुसरं काय म्हणणार होतो? माझ्या चष्म्याच्या आत तोवर वाफ धरली होती.

पलंग जोडला मात्र पुढच्या खोलीतच. कार्यशाळेत जोडून मग दारातून निघत नाही म्हणून डोकं धरून बसणाऱ्यातला मी नव्हे! उंची तीन फूट. म्हणजे झोपलेल्या माणसाचे डोळे बरोबर खिडकीत. पलंग आणि खिडकीच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट सोडली, कारण ये-जा करायला चारही बाजूंनी मोकळी वाट हवीच. मी लांब उभा राहून बघितलं. काय पलंग झाला होता! आणि तेव्हाच माझ्यातला अधिकारी जागा झाला.

तीन फूट! एवढ्या उंचीवर माणूस! आणि कठडा नाही?

लगेच मी चारही बाजूंना रुंद फळ्यांचा कठडा स्क्रू मारून बसवला. दणकट! चढायला पायऱ्या केल्या. पायऱ्यांना धरायला दांडी केली.

"हे पलंगासारखं कमी आणि मचाणासारखं जास्त दिसतंय," ताई म्हणाल्या.

"आता वजनाची चाचणी! चढा वर!"

ताईंना उड्या मारायला सांगावं लागत नाही. आम्ही दोघं हेल्मेट घालून पलंगावर उभे राहिलो आणि त्यांनी आकडे म्हणायला सुरुवात केली. "एक, दोन! गुडघे वर! एक, दोन!" पलंग हूं की चूं करेना. मी आनंदाने आणखी उंच उडी मारली. भुसा बाहेर जावा म्हणून खिडकी सताड उघडी ठेवलीय, हे मी विसरलो होतो.

समोर सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच थांबला होता. अर्ध्या गालाला फेस असलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून दारात आलं होतं. आमची ही हॉस्पिटलात, काही चांगलं घडत नाहीये, हे सगळ्या गल्लीला माहीत. आणि हा गृहस्थ मेहुणीला हेल्मेट घालून पलंगावर नाचतोय! मी ओशाळून हात हलवला. सलूनवाल्यानेही हात हलवला, आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

त्याने हिलाच फोन लावला! "काकू, घाबरू नका, पण काकांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मचाण बांधून वर उड्या मारतायत. तुमच्या ताईंनाही लागण झालीय."

झालं! हिने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. डॉक्टर म्हणाले, ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी जा. ही म्हणाली, दोन दिवसांत तो माणूस घराला विमानतळ करील, मला आजच सोडा! आणि उन्हं उतरायच्या आत रुग्णवाहिका दारात. माझ्या हातात अजून पॉलिश पेपर!

स्ट्रेचरवाल्या दोघांनी तिला कठड्यावरून आत उतरवताना माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहीत नाही. ती आडवी झाली. वजन फार उतरलं होतं तिचं. उशी उंच केली की मान दुखायची, म्हणून अगदी सपाट. मी पायऱ्यांशी उभा राहिलो, निकालाची वाट बघत.

"कसं वाटतंय?"

"कठडा मजबूत आहे," ती म्हणाली.

"आणि रस्ता?"

"रस्ता कठड्याच्या पलीकडे असेल. तसा आवाज येतोय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली! आम्ही पलंगावर उभे राहिलो, चाललो, नाचलो. पण उशीवर डोकं टेकून एकदा खिडकीकडे बघावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. फळी बरोब्बर तिच्या डोळ्यांसमोर आली होती. त्यात ती खोक्याची फळी, छापील बाजू आत!

"'नाजूक माल. आदळू नये,'" तिने मोठ्याने वाचलं. "हे माझ्याबद्दल आहे का?"

"काढतो! उद्या काढतो," मी म्हणालो. "असा एकदम काढता येत नाही गं. आधी जोड तपासायचे, मग टेकू लावायचा, मग..."

"उद्या?" ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. रागाने नाही. जरा विचार करून, उद्या जमेल का ते बघितल्यासारखं.

मी करवत उचलली. चष्मा नाही, हातमोजे नाहीत, मास्क नाही. "भाऊजी, चष्मा!" ताई किंचाळल्या. "आधी चुंबक!" पण मी खिडकीकडच्या फळीवर करवत चालवायला लागलो होतो. जन्मभर लोकांना सांगत आलो की कठड्याला कुणी हात लावायचा नाही, आणि आता मीच दातओठ खाऊन तो कापत होतो. मध्येच खर्रकन आवाज झाला, करवत उसळली आणि माझ्या अंगठ्यावर आली. जुन्या लाकडातले सगळे खिळे मी काढले होते. हा स्क्रू माझाच होता!

रक्त आलं. फळी सुटली ती माझ्या पायावर. मी एका पायावर नाचायला लागलो. समोरून सलूनवाला कापूस आणि तुरटी घेऊन धावत आला आणि त्याने माझा अंगठा तुरटीने असा चोळला की मी दुसऱ्या पायावरही नाचलो!

आणि पलंगावरून हसण्याचा आवाज आला. किती दिवसांनी! हसता हसता तिला खोकला आला, खोकता खोकता ती म्हणाली, "अहो सलूनवाले, तुम्ही इथे आलात, तर मी बघू काय? जा, दुकानात जा!" तो पळतच गेला.

आता नियम असा की कठडा काढला की तिथे माणूस ठेवायचा. मी खुर्ची घेऊन त्या वाटेत, खिडकीशी, पहाऱ्याला बसलो.

"अहो, बाजूला व्हा. तुम्ही कठड्यापेक्षा रुंद आहात!"

मग मी खाली जमिनीवर बसलो. पाठ भिंतीला, एक हात वर तिच्या अंगावर, पडू नये म्हणून. रजा टाकली आणि रोज तिथेच बसायला लागलो. मला तिथून पलंगाच्या खालच्या फळ्यांशिवाय काही दिसत नसे. रस्ता ती मला वरून सांगायची. "दाढीवाला आत गेला... बाहेर आला, ओळखू येत नाही! बापाने पोराला ओढत आणलंय... पोरगं पळालं! अहो, पळालं ते!" मी खालून म्हणायचो, "मग?" एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिचं इतकं कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज रोज थोडा बारीक होत होता, म्हणून मी कान वर करून ऐकायचो.

एका सकाळी ती म्हणाली, "एक मुलगा आलाय. केस पार पाठीपर्यंत."

"मग?"

"आत गेला. आता बघू कसा होऊन बाहेर येतोय."

त्यानंतर ती काही बोलली नाही. मी हात तसाच वर ठेवून, मुकाट्याने वाट बघत बसलो. मला वाटलं, केस लांब आहेत, वेळ लागणारच!