छत्तीस फोनांची एक पेटी

वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक सहा महिन्यांच्या बोलीवर आले होते. त्यातले पाच संपले होते, आणि कायम करायचं की नारळ द्यायचा हे अध्यक्षबाई महिनाअखेरीस ठरवणार होत्या. म्हणून फोन इंटरनेटवर न्यायचं निघालं तेव्हा व्यवस्थापक छाती पुढे काढून म्हणाले, "माझ्यावर सोडा."

छत्तीस खोल्यांत छत्तीस जुने फोन होते, बोट घालून तबकडी फिरवायचे. म्हातारी मंडळी ते सोडायला तयार नव्हती. तेव्हा हे फोन इंटरनेटला जोडणारी पेटी तेवढी निवडायची होती.

"साहेब, फोन कसले आहेत?" दुकानदाराने विचारलं.

"फोनासारखे फोन आहेत. छत्तीस आहेत. तुम्ही पेटीची भोकं मोजा."

भोकं मोजून पेटी आली. व्यवस्थापकांनी आपल्या टेबलावरच्या बटणांच्या फोनवरून एकेका खोलीला फोन लावला. छत्तीसच्या छत्तीस वाजले. एका आजोबांनी तर गुडघ्यांची हकिगत वीस मिनिटं ऐकवली. व्यवस्थापकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे नवलच झालं. एरवी खोल्यांतून दिवसाला साठ फोन यायचे: चहा गार, पंखा वाजतो, शेजारचा घोरतो. आता आठवडाभर एकही नाही. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. व्यवस्थापकांनी अहवाल लिहिला, "तक्रारी: शून्य."

अध्यक्षबाई तो वाचत होत्या, तेवढ्यात निवृत्त हेडबाई काठी टेकत दोन जिने उतरून आल्या. त्यांनी व्यवस्थापकांपुढे टेबलावर वही ठेवली.

"आठ दिवसांच्या तक्रारी. खोलीवार लावल्यात. तबकडी फिरवून बोटं दुखली, पण फोन लागेना. आम्हाला वाटलं, तुम्ही उचलत नाही. तशी तुमची ख्याती आहेच."

दुकानदाराला बोलावणं गेलं. "ही पेटी बटणांचा सूर ओळखते," तो म्हणाला. "तबकडीची टकटक तिला कळत नाही. म्हणून तर विचारलं होतं."

"मी तपासले होते हो," व्यवस्थापक म्हणाले. "सगळे वाजले."

"तुम्ही लावलेत, ते वाजले," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांच्यापैकी कुणाला लावायला सांगितलंत का?"

योग्य पेटीला पंधरा दिवस लागणार होते. तोवर दर दोन तासांनी छत्तीस खोल्या हिंडून काय हवं-नको ते विचारायचं काम व्यवस्थापकांकडे आलं. नोकरी हातची गेली हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि त्याचं फार वाईट वाटत होतं. तरी ते हिंडले. गार चहा बदलून दिला, पंख्यात तेल घातलं, घोरणाऱ्याची खाट दुसऱ्या भिंतीला लावली. गुडघे तर रोज ऐकले.

सोळाव्या दिवशी दुकानदार नवी पेटी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा हेडबाई अध्यक्षबाईंना अर्ज देत होत्या. खाली छत्तीस सह्या होत्या.

"व्यवस्थापकांना कायम करावं, ही विनंती," अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचलं. व्यवस्थापकांचे डोळे भरून आले.

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला आणि पुढची ओळ वाचली, "आणि पेटी परत पाठवावी."