केतकरांचा गुप्त रस्सा

माधवराव केतकरांना अख्ख्या पुण्यात कोणी पकडू शकणार नाही, अशी निदान माधवरावांची तरी खात्री होती. बँकेतून निवृत्त होताच त्यांनी वर्षाचे पैसे भरून इंटरनेटवर नाव-गाव लपवणारी एक परदेशी सेवा घेतली. मग 'कोथरूड कट्टा' या ऑनलाइन गटावर ते 'अज्ञात वाघ' या नावाने मांसाहाराची बाजू लढवू लागले. जीव बकऱ्याला असतो तसा कोबीलाही असतो, हा त्यांचा लाडका मुद्दा!

लपण्याचं कारण घरातच होतं. पद्मजाबाईंच्या स्वयंपाकघरात तीस वर्षांत अंडंसुद्धा आलं नव्हतं, शिवाय त्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष. दर रविवारी त्या भजनाला गेल्या की माधवराव खालच्या मजल्यावर नागपूरकडच्या नागोरावांकडे जात आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांच्या हातचा मटणाचा रस्सा घेऊन येत. परक्याचं भांडं घरात सापडलं तर पंचाईत, म्हणून वाटी मात्र घरची नेत. इतका पुढचा विचार करणारा माणूस!

कट्ट्यावर 'हरितमन' नावाचं कोणीतरी हात धुऊन त्यांच्या मागे लागलं. प्राण्यांच्या वेदनांवर तिकडून चार पानं आली, माधवरावांनी सहा पाठवली. मग तिकडून प्रश्न आला, की जिच्यामागे तोंड लपवता ती कंपनीच तुमची नोंद ठेवत नसेल कशावरून? बायकोपेक्षा माझा कंपनीवर जास्त विश्वास आहे, असं माधवरावांनी ठणकावलं. त्यावर हरितमनने लिहिलं, "लपून वकिली कोणीही करेल. खात असाल तर पुरावा दाखवा."

माधवराव पेटले. रविवारी त्यांनी वाटी खिडकीत ठेवली, घर दिसू नये म्हणून पडदा ओढला आणि फोटो टाकला. तर्री काय सुरेख आली होती!

पाच मिनिटांत उत्तर आलं. हरितमनने फोटो मोठा करून वाटीवर कोरलेली अक्षरं वाचली होती: 'सौ. पद्मजा माधव केतकर, मंगळागौर १९८४.'

माधवरावांना ठसका लागला. भजन संपायच्या आत कट्ट्याने निकाल दिला, की अज्ञात वाघ म्हणजे पद्मजाबाईच! त्यांनी अध्यक्षपद सोडावं, इथपर्यंत गोष्ट गेली. आपल्या जिभेपायी तिची अब्रू चालली, या विचाराने माधवरावांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. त्यांनी सरळ स्वतःच्या नावाने लिहून टाकलं, "वाघ मी. रस्सा माझा. वाटी तेवढी तिची."

एकाचाही विश्वास बसला नाही. बायकोवरचा आळ अंगावर घेणारा आदर्श नवरा म्हणून कट्ट्याने त्यांना डोक्यावर घेतलं.

पद्मजाबाई घरी आल्या. त्यांनी टाळ टेबलावर ठेवले, वाटीकडे पाहिलं आणि त्या खुर्चीत बसल्या. माधवरावांनी पहिल्या रविवारपासूनचं सगळं कबूल केलं.

"अध्यक्षपद गेलं का गं?" त्यांनी चाचरत विचारलं.

"ते राहू द्या. आधी खाली जाऊन दुर्गाबाईंकडून कृती लिहून आणा."

"तुला हवी आहे?"

"मला कशाला? मंडळातल्या चौघींनी मला बाजूला घेऊन मागितली. पद्मजाताई, तुमच्या पोटात गोष्ट राहते, म्हणून तुमच्यापाशी बोलतो, म्हणाल्या." पद्मजाबाईंनी पंखा वाढवला. "त्यातल्या सत्यशीलाताई भजनात पदराआड मोबाईल चालवत होत्या. त्याच तुमचं ते हरितमन."