आपणहून हलणारा मासा

मी जन्मभर मासा चाखलेला नाही. पण एक मासा माझ्या हातून मेला, आणि तोही माउसच्या एका टिचकीसरशी. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडी असलेली सगळी पानं मी त्याला न विचारता बंद केली. का, तर म्हणे आवरायला! तेव्हा मी अल्लड होते, सत्तर वर्षांची. आता त्र्याहत्तरीत थोडी समज आली आहे असं मला वाटतं. सुनेचं मत वेगळं आहे.

कॉम्प्युटर हरेशचा होता. आमची सुपारीची वाडी श्रीवर्धनच्या अलीकडे. मागचा दगडी गडगा ओलांडला की कोळीवाडा लागतो, त्यातलं पहिलं घर हरेश चोगलेचं. दारात जाळी वाळत असतात ती त्याच्या भावाची. हरेश होडीत चढला की त्याला मळमळतं. "दर्यानं मला नापास केला, काकी," असं तो स्वतःच सांगतो. मग तो अलिबागला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला आणि किनाऱ्यावर ज्यांनी ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, त्यांच्या वेबसाइट बनवू लागला. आमचीही त्यानेच बनवली.

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर हरेशकडे एकच उतारा असायचा : "ह्यावर येक एक्स्टेंशन हाय." आपण ज्यातून इंटरनेट बघतो त्या ब्राउजरला वरून जोडायची ही छोटी छोटी उपकरणं. पण हरेशच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, आजीबाईचा बटवाच उघडलाय. डोळे चुरचुरतात? पान काळं करून देणारं एक हाय. भटजींच्या पंचांगात एकादशीच्या डोक्यावर कवळीची जाहिरात येते? ती अडवणारं हाय. पासवर्ड विसरता? सांभाळणारं हाय. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "हरेश, गुडघा फार दुखतो रे." त्याने गंभीरपणे विचार केला आणि म्हणाला, "दर अर्ध्या तासानं 'उठा' म्हनून सांगनारं येक हाय, काकी."

त्याची धंद्याची हत्यारं वेगळी. एका एक्स्टेंशनने तो फोटोतला कुठलाही रंग उचलायचा. आमच्या वेबसाइटची किनार पिकल्या सुपारीच्या रंगाची आहे, ती आमच्याच खळ्यातल्या फोटोतून उचललेली. दुसऱ्याने पान मोबाइलवर कसं दिसेल ते तपासायचा. तिसऱ्याने तुटलेल्या लिंका हुडकायचा. भाऊ जाळं उजेडात धरून भोकं बघतो, अगदी तसाच मान तिरकी करून.

त्याचं ऐकून मला चेव आला. मी दिसेल ते एक्स्टेंशन टाकत सुटले. रोजचं भविष्य सांगणारं, रोज नवीन फूल दाखवणारं, कुठल्याशा दुकानाची सवलत शोधणारं, आणि एक नुसतंच म्यांव करणारं. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा उकळून निवायचा. हरेशने येऊन पडद्यावरची ती जत्रा पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"काकी, ही होडी हाय का वरातीचा टेम्पो? वजन वाढलं का बुडनार."

एकेक उपटताना तो मला शिकवत होता. "टाकायच्या आदी बगायचं, त्याला काय काय बगायची परवानगी पायजे. ह्या फूलवाल्याला तुमी लिवता-वाचता ते समदं बगायचंय! फूल दाखवायला तुमच्या माजघरात कशाला घुसतो? पाव्हना पडवीतच बरा." शेवटी त्याने तीनच ठेवली : जाहिराती अडवणारं, पासवर्ड सांभाळणारं, आणि आवडलेलं पान जसंच्या तसं आपल्याकडे जतन करणारं. तिसऱ्याबद्दल त्याचा फार आग्रह. "वेबसाइट आज हाय, उद्या न्हाय. आवडलं का लगेच उचलून ठेवायचं."

जाता जाता एक नियमही दिला. अडवणाऱ्याच्या हातून एखादी जाहिरात निसटतेच. ती ओळखायची कशी? "पानावर जे आपनहून हलतं ती जाहिरात. फुली मारायची." तो नियम मी रामरक्षेसारखा पाठ केला.

आता हा शहाणपणाचा पुतळा स्वतः कसा वागायचा? सगळ्यांना सांगायचा, कॉम्प्युटर रोज बंद करा, ब्राउजर अपडेट करा. त्याचा स्वतःचा कोपऱ्यातला कॉम्प्युटर मात्र कधी बंद नाही आणि कधी अपडेट नाही. एका पावसाळ्यात वीज बरेच दिवस गेली. लोक फ्रीजमधलं फेकत होते आणि हरेश भावाच्या होडीवरची बॅटरी खांद्यावर घेऊन घरी निघाला होता, का, तर कॉम्प्युटर चालू राहिला पाहिजे! भावाने सगळ्या वाड्यासमोर शिव्या घातल्या. हरेशने खाली मान घालून ऐकल्या, बॅटरी मात्र सोडली नाही.

आणखी एक खोड होती. काम संपलं की तो माउसवर हात ठेवून नुसता बसून राहायचा. बोटही हलवायचा नाही. गळ टाकून बसलेला माणूस जसा. मी दारातून ओरडायचे, "काय हरेश, लागला का मासा?" तो दचकायचा. पडद्यावरचं पान बदलायचा आणि म्हणायचा, "लोड होतंय, काकी." मी हसायचे. माझ्या त्या हसण्याचं मला आता काय करावं ते कळत नाही.

हरेशला एकुलता एक मुलगा, नितेश. मोठा होऊन त्याने बापाबरोबर वेबसाइट बनवाव्यात म्हणून हरेशने 'चोगले आणि मुलगा' अशी पाटीही रंगवून आणली होती. नितेशला मस्कतची नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी अंगणात भांडण झालं, ते गडग्याच्या अलीकडे मला ऐकू आलं. "गेलास तर मला बाप म्हनू नको," हरेश म्हणाला. नितेश गेला. मग तो फोन करायचा तो आईला, लताला. फोन वाजला की हरेश बाहेर जाऊन भावाची वाळलेली जाळी पुन्हा पसरत बसायचा.

तर त्या दिवशी मी वेबसाइटवरचे नवे फोटो बघायला गेले होते. लता म्हणाली, "बसा काकी, माणगावला गेलेत, इनव्हर्टरची बॅटरी आणायला. येतीलच." मी कॉम्प्युटरसमोर बसले. वर पानं उघडलेली किती, तर कंगव्याच्या दातांसारखी. बिचारं यंत्र धापा टाकत होतं. आणि माझ्या हाताला आवरायची खाज! म्हटलं, हरेश येईपर्यंत लख्ख करून ठेवू, खूश होईल.

एकेक पान मिटत गेले. मधेच एक फिकट निळं पान आलं. त्यावर वेडंवाकडं पापलेट, डोळा हा एवढा, शेपूट उलटी. माउसचा बाण जवळ नेला की पळायचं. हात थांबवला की आपणहून सरकत सरकत बाणापाशी यायचं. आपणहून हलतंय! "मेली जाहिरात," मी म्हटलं, आणि फुली मारली.

हरेश आला. "बघ कसं झाडून काढलं," मी ऐटीत म्हटलं. त्याने बॅटरी सावकाश खाली ठेवली. दोन-तीन बटणं दाबली, तशी मिटलेली पानं एकामागून एक परत आली, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात येतात तशी. एकच आलं नाही. त्याच्या जागी लिहिलं होतं, 'हे पान सापडत नाही.'

लताने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. ते पान नितेशने सहावीत असताना केलेलं, बापाच्या मांडीला मांडी लावून. कुठल्याशा फुकटच्या वेबसाइटवर होतं. ती कंपनी बंद पडली, सगळी पानं गेली. हे एक तेवढं राहिलं होतं, कारण हरेशने ते मिटलंच नव्हतं. जुनी पानं साठवणारी एक जागा इंटरनेटवर असते म्हणे. हरेशने तिथेही शोधलं. पान मिळालं. त्यावर मासा नव्हता.

मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. "अरे, आम्हा सगळ्यांना पान जतन करायला सांगतोस. स्वतःचं का नाही केलंस?"

"फोटो काढून भिंतीवर लावतात तो गेलेल्याचा, काकी," तो म्हणाला. "आपला कुठं गेलाय?"

मी मूर्खासारखं विचारलं, "हरेश, ह्यावर एखादं एक्स्टेंशन...?"

"न्हाय काकी. ह्यावर न्हाय."

रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने माझे फोटो दाखवले, मोठे हवेत का लहान ते विचारलं, आणि संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला. त्यातला घरघरणारा पंखा थांबल्यावर घर किती मोठं वाटलं ते मी गडग्यापर्यंत चालत येताना ऐकलं. आता त्याचा कॉम्प्युटर रोज बंद होतो, अपडेटही होतो. परवा मी मुद्दाम गुडघ्याची कुरकुर केली. म्हणाला, "वय झालं, काकी."

एवढंच की फोन वाजला तर तो आता बाहेर जात नाही. बोलत नाही, पण लताच्या शेजारी बसतो, हात मांडीवर ठेवून, जराही न हलता.

नितेशला मी दुसऱ्याच दिवशी लताच्या फोनवरून गाठलं होतं. वाटलं, त्याच्याकडे तरी तो मासा कुठे ठेवलेला असेल. सगळं सांगितलं, जाहिरात समजले तेही सांगितलं. त्याच्याकडेही काही नव्हतं.  मग तो म्हणाला, "आजी, ते अजून उघडं ठेवलेलं त्यांनी? मला वाटलं, मी निघालो त्याच दिवशी बंद केलं असंल."