शेजारी चालण्याइतकी वाट

आमचे शेजारी शिवमूर्तीअण्णा कुठल्याही बोळात शिरण्याआधी कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि दोन्ही कोपरं हलवून बघतात. कोपरं मोकळी राहिली तर रस्ता पास. भिंतीला घासली तर मान हलवून म्हणतात, "ह्यो रस्ता न्हाय, ही फट हाय."

अण्णा आमच्या मुरुमचेच. सारी उमर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला. ट्रक सुटला, रुंदीचा नाद सुटला नाही. त्यांच्या भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही उमरग्याला गेलो, तर पोह्यांची बशी हातात धरून अण्णा मुलीच्या वडलांना विचारतात, "पोरगी चांगलीच असंल. तुमच्या बोळाची रुंदी सांगा. वरात शिरंल का?" लग्न जमलं. वरात मात्र मागच्या रस्त्यानं न्यावी लागली.

जिल्ह्यातली गावं पायवाटांनी आणि सायकलच्या वाटांनी जोडायचा आराखडा निघाला आणि त्या कामावर मी इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. लोकांना विचारूनच वाटा ठरवायच्या होत्या. तेरला सभा, अण्णा हजर. उमरग्याला सभा, अण्णा पुढच्या खुर्चीत. कुणी सावली मागितली, कुणी दिवे. एका धनगरानं विचारलं, "मेंढरं बी पायीच चालत्यात, त्यांचं काय?" आमच्या साहेबांनी तेही लिहून घेतलं. अण्णांचं पालुपद एकच: "रुंदी सांगा."

मुरुमच्या सभेत साहेबांनी ती सांगितली. अण्णा उठले.

"दोन मानसं शेजारी चालली, तर सायकल कुठनं जानार?"

"लोक एकामागं एक चालतील की," साहेब म्हणाले.

"बरं. मग चला माझ्या मागं."

साहेब भला माणूस. बाजाराचा दिवस, भर गर्दी. अण्णा पुढे, साहेब मागे आणि त्यांच्यामागे सगळी सभा. अण्णा चालता चालता काहीतरी सांगत होते आणि साहेब सारखे विचारत होते, "काय म्हणालात?" शेवटी अण्णा वळले.

"भजी खाऊ का म्हनत हुतो. गेलं की दुकान मागं."

सभा हसली, साहेबही हसले. परत येऊन सगळ्यांनी हात वर केले आणि वाट रुंद झाली.

पुढच्या आठवड्यात मी टेप घेऊन आमची गल्ली मोजायला गेले, तर एक ओटा आडवा आला. तो अण्णांचाच होता. शहाबादी फरशीचा, गुळगुळीत. त्यांची रोजची संध्याकाळ त्याच्यावर जायची.

"अण्णा, इथं जरा अरुंद ठेवू या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाच्या आवाजानं गल्ली जागी झाली. अण्णा स्वतः ओटा फोडत होते आणि त्यांच्या बायको काशीकाकू दारातून विचारत होत्या, "आता बसनार कुठं?"

"ट्रकात बसलो, ओट्यावर बसलो. बसून लई झालं," अण्णा म्हणाले.

वाटेचा पहिला तुकडा तयार झाला, त्या संध्याकाळी मी कडेला झाडं लावून घेत होते. अण्णा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. त्यांच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून काकू. अण्णा थांबले. काकूही थांबल्या. अण्णा चालले, काकूही चालल्या.

"अगं, शेजारी ये."

"चाला की तुमी. म्या हाय मागं."

शेवटी अण्णाच मान वळवून, उलट्या पावलांनी मागे सरकत त्यांच्या बाजूला आले.

"आता बोल."

"काय बोलू?"

"जन्मभर मागनं चालताना जे बोलायचीस ते. मला निम्मं ऐकूच यायचं न्हाय."

काकू विचारात पडल्या. "ते लई जुनं झालं. आता ध्यानात न्हाय."

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. रोपाला पाणी घालता घालता माझाही हात थांबला.

"मग नवं बोल," ते हळूच म्हणाले.

काकूंनी पदर सावरला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "शर्टाची बटनं वर-खाली लागल्यात. मागनं दिसत न्हवतं."

अण्णा बटणं लावत उभे राहिले. ती लागेपर्यंत काकू थांबल्या, मग सुनेच्या माहेरचं काहीबाही सांगायला लागल्या. दोघं चालू लागले. मागून एक सायकल आली आणि घंटी न वाजवता शेजारून निघून गेली.