बारा इंची सबवूफराचे राज्यारोहण

श्री. नादरूप गजानन प्रसन्न असो. ऐकणारे स्वामींचे सेवेसी लेखकाचा दंडवत. स्वामींनी आज्ञा केली जे, दुसऱ्या मजल्यावरील राज्यात खोल नाद पुन्हा कैसा नांदता जाहला, आणि थोडक्या द्रव्यात एवढी थोर मसलत कोणी तडीस नेली, तो मजकूर साद्यंत लिहावा. त्यास, आज्ञा मस्तकी धरून, जे डोळ्यांनी देखिले आणि तळपायांनी अनुभवले, तितकेच लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते काळचे हे वर्तमान.

राज्याचा विस्तार म्हणावा तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पश्चिमेस अरुंद गॅलरी. गादीवर थोरले महाराज विश्रामराव, चाकरीतून निवृत्त, पखवाजाचे हाती मोठे यशवंत. खजिना मातोश्री मंदाकिनीबाईंचे स्वाधीन. युवराज तन्मयराव वयाने तरुण, स्वभावे बहुत लाजाळू, दुकानात भाव पुसण्यापूर्वी वाक्य मनात घोकणारे, आणि घोकून झाल्यावर न पुसताच परतणारे. खालचे मजल्यावर घोसाळकर बुवांचे संस्थान. बुवा भजनी मंडळाचे मुख्य, आवाज उंच आणि धारदार, आणि त्या आवाजास वर्षानुवर्षे महाराजांचे पखवाजाची जोड. पखवाजास दोन मुखे. उजवे शाईचे, ते उंच बोलते. डावे धुम्याचे, त्यास दर बैठकीस ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा ते खोल बोलते. मातोश्री कणीक तिंबीत, त्यातून आधी धुम्याचा गोळा काढून ठेवीत, आणि मग पोळ्यांस हात घालीत, ऐसा राज्याचा रिवाज होता.

पुढे काळ फिरला. महाराजांचे कानांतून बारीक स्वर एकेक करून निघून गेले. आधी दाराची घंटा गेली, मग कुकराची शिट्टी, मग सकाळची पाखरे, आणि सर्वांमागून बुवांचा उंच आवाज गेला. वैद्यांनी तपासून सांगितले की बारीक ते गेले, जाड ते राहिले आहे. कर्णयंत्र आणिले, ते कानात शीळ घाली, म्हणोन खणात पडले. मग एके एकादशीस देवळात बुवांनी वरची पट्टी धरिली, ती महाराजांस ऐकू आली नाही, आणि सम चुकली. कोणी हसले नाही, हेच महाराजांचे जिव्हारी लागले. घरी येऊन पखवाज गवसणीत बांधिला आणि बैठकीचे खोलीत खिडकीखालचे कोपऱ्यात उभा केला. ते दिवसापासोन त्यास हात नाही. मातोश्री मात्र कणकेचा गोळा आधी काढीतच राहिल्या, आणि सर्व पोळ्या जाहल्यावर त्या गोळ्याची एक लहान पोळी लाटून युवराजांस वाढीत. युवराज ती कित्येक वर्षे खात आले, आणि ती कोणाचे वाट्याची होती हे त्यांस ठाऊक नव्हते.

ऐसे असता मार्गशीर्षात बुवांकडून निरोप आला की मंडळात नवा वादक आला आहे, त्यास वाद्य नाही. महाराज एवढेच बोलिले, "रविवारी घेऊन जा म्हणावं. लाकूड वाजतं राहिलं पाहिजे." मातोश्री ओट्यावरील पुसलेली जागा पुन्हा पुसीत राहिल्या. युवराजांस मात्र ते मानवेना. कारण त्यांचेपाशी एक ठेवा होता. सम चुकली त्याचे आदले वर्षी देवळात भजन जाहले, तेव्हा युवराज लोकांत बसावयास लाजून धुम्याचे बाजूस भिंतीला चिकटून बसले होते, आणि हाती ध्वनिमुद्रणयंत्र होते. त्यात बुवांचा अभंग आणि महाराजांचा डावा हात उतरून राहिला होता. घरी होम थिएटर होते, परंतु त्याचा सबवूफर कवडीमोल, टिफिनाचे डब्याएवढा, खोल स्वर आला की खोकल्यासारखा 'ढप' करून गप्प राही. युवराजांनी एकदा तो अभंग महाराजांस ऐकविला होता. महाराज यंत्राचे निळ्या दिव्याकडे बहुत वेळ पाहात बसले, आणि मग पुसले, "चालू आहे का?" त्या दोन शब्दांचे ओझे युवराज उरावर घेऊन हिंडत होते. आता मनी निश्चय केला की, पखवाज घरातून जाण्यापूर्वी बाबांनी आपला डावा हात एकदा तरी ऐकावा, आणि त्याकारणे मोठा सबवूफर आणावा.

मग खजिन्यापाशी अर्ज केला. मातोश्री म्हणाल्या, "डबा वाजतोय की तुझा. अजून मोठा कशाला? टीव्हीतली माणसं आधीच ओरडतात." युवराजांनी खाली पाहून बाबांचे नाव घेतले. मातोश्रींनी तांदळाचे डब्यात हात घातिला आणि जे हाती लागले ते काढून दिले. त्यात युवराजांनी नव्या बुटांचे द्रव्य मिळविले आणि पहिली स्वारी पेठेतील काचेच्या मोठ्या दुकानावर नेली. तेथील सेवक गळ्यात पट्टा घालून पुढे आला आणि म्हणाला, "सर, पिक्चर बघता ना? हा लावा. हेलिकॉप्टर हॉलमध्ये उतरेल." युवराज म्हणाले, "पखवाज ऐकायचाय." सेवक म्हणाला, "काय?" युवराज आणखी हळू म्हणाले, "पखवाज." सेवक म्हणाला, "नवीन गेम आहे का सर?" आणि त्याने भावाची चिठ्ठी उलटून दाविली, तो आकडा देखोन युवराजांनी "बघून सांगतो" ऐसे म्हणोन सुरक्षित माघार घेतली.

दुसरी स्वारी शनिवारी जुन्या बाजारावर. तेथे अस्लमभाई म्हणोन सरदार, जुन्या ध्वनियंत्रांचे ढिगाऱ्यावर बैठक घालून चहा घेत होते. ढिगाऱ्याचे तळाशी एक काळा पेटारा, आत बारा इंची कर्णा, अंगावर ओरखडे, आणि पाठीस नादास ताकद देणारे ॲम्प्लिफायर यंत्र आतच बसविलेले. अस्लमभाई म्हणाले, "ऑर्केस्ट्राचा माल आहे दादा. ऑर्केस्ट्रा मोडला, आवाज शिल्लक राहिला. जरा खर्र करतो, पण मनाचा साफ आहे." आणि भाव सांगितला. युवराजांजवळ तितके नव्हते, आणि कमी करा म्हणावयाचे वाक्य मनात जुळविता जुळविता जीभ टाळूस चिकटली, सबब ते पेटाऱ्याकडे पाहात उगे राहिले. अस्लमभाईंनी भाव उतरविला. युवराज अधिकच संकोचोन जमिनीकडे पाहू लागले. अस्लमभाई म्हणाले, "असं गप्प नका राहू हो, माणूस घाबरतो. बरं, अजून सोडले." युवराजांनी तोंड उघडिले, शब्द आला नाही, एक सुस्कारा मात्र आला. तो सुस्कारा ऐकोन अस्लमभाईंनी कपाळास हात लाविला आणि म्हणाले, "तीस वर्षं धंदा करतोय, एवढं कडक गिऱ्हाईक बघितलं नाही. घ्या, वायर पण घ्या, आणि जा आता." येणेप्रमाणे ज्या मौनाने युवराजांचे जन्मभर नुकसान केले, त्याच मौनाने गड घेतला. बूट तेवढे राहिले.

रविवारी प्रातःकाळी पेटारा रिक्षातून आणिला. जिन्यावर प्रत्येक वळणास युवराज भिंतीस टेकून श्वास घेत. मातोश्री दारात उभ्या, म्हणाल्या, "अगंबाई, फ्रिज आणलास?" "आई, स्पीकर आहे." "मग आपण बसायचं कुठे?" ऐसे म्हणोनही दारातील चपला आपणच बाजूस सारिल्या आणि पेटाऱ्याचे एक टोक उचलिले. वायर जुन्या यंत्रास जोडिली. मग शास्त्राप्रमाणे, खोल नादाची जागा शोधणे प्राप्त. त्याची रीत ऐसी की, जेथे ऐकणारा बसतो तेथे सबवूफर बसवावा, आणि आपण जमिनीशी कान लावून खोलीभर रांगावे. जेथे नाद भरून येईल तेथेच मग पेटारा ठेवावा. त्यास, युवराजांनी महाराजांस हात धरून खुर्चीवरून उठविले आणि राजासनावर काळा पेटारा विराजमान केला. महाराज मोठ्याने म्हणाले, "माझ्या खुर्चीत कोण बसलाय हा?" उत्तर देण्याचे आत युवराज पेटाऱ्यास एकसारखा खोल सूर लावून चारी पायांवर रांगू लागले होते. मातोश्री स्वयंपाकघरातून डोकावल्या, म्हणाल्या, "काय रे, काय हरवलं?" युवराज सोफ्याखालून म्हणाले, "आवाज." दाराशी नाद पातळ, कपाटापाशी फुगलेला, टीव्हीखाली मुळीच नाही. ऐसे राज्याची मोजदाद करीत करीत युवराज खिडकीखालचे कोपऱ्यात पोचले, तो नाद ऐसा भरून आला की छातीत कोणी बसल्यासारिखे वाटले. मान वर करून पाहतात, तो समोर गवसणीतला पखवाज. मातोश्री म्हणाल्या, "तिथेच बसायचे ते. म्हणायचे, या कोपऱ्यात हात गोड लागतो." युवराज गुडघ्यांवरच राहिले. जागा मिळाली, परंतु ती रिकामी नव्हती.

मग पखवाज हलविणे आले. युवराजांनी हात पुढे केला, तो महाराज म्हणाले, "थांब. तुला धरता येत नाही, वादी दुखावेल," आणि आपण उठून तो उचलिला. ठेवावयास जागा पाहिली, सोफ्यावर धुतलेले कपडे, खुर्ची पेटाऱ्याने अडविलेली, सबब महाराज जमिनीवरच मांडी घालून बसले आणि पखवाज मांडीवर घेतला, केवळ जागा नाही म्हणोन. पेटारा कोपऱ्यात गेला. अभंग पुऱ्या आवाजात चालू केला. तो अस्लमभाईंचे वचन खरे ठरले आणि पेटाऱ्यातून ऐसी खर्र खर्र उठली की नाद कोणता आणि खर्र कोणती हे कळेना. युवराजांचा चेहरा उतरला. स्क्रू आवळिले, वायर फिरविली, खर्र तैसीच. संध्याकाळी बुवा येणार. महाराज इतका वेळ पेटाऱ्याकडे पाहात होते. मग हात लांब करून त्यांनी डावा तळहात लाकडावर ठेविला, आणि डोळे मिटून, कडेकडेने, हळूहळू, गुरे चाचपावी तैसा फिरविला. मागील सांध्यापाशी हात थांबला. म्हणाले, "इथून वारा फुटतोय. सांधा सुटलाय." आणि सवयीने, जणू मध्ये वर्षे गेलीच नाहीत, स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, कणीक आण!"

मातोश्री परातीपाशीच होत्या. गोळा आधीच काढिलेला होता. तो घेऊन आल्या, महाराजांचे हातावर ठेविला, आणि "किती दिवसांनी मागितलीत," ऐसे म्हणोन पदराने डोळा पुसून परत गेल्या नाहीत, तेथेच बसल्या. ते समयी युवराजांस आपण इतकी वर्षे काय खाल्ले ते उमगले. महाराजांनी अर्धा गोळा अंगठ्याने सांध्यात दाबून बसविला, पाण्याचे बोटाने लिंपला, आणि म्हणाले, "लाव आता."

लाविला. खर्र गेली. आणि मग त्या कोपऱ्यातून धुमा बोलला. तो कानांवर आला नाही, तो फरशीवरून आला, मांडीतून चढला, पोटात थांबला. खिडकीची काच हलली. उंच स्वर आल्यागेल्याप्रमाणे डोक्यावरून जातो, खोल स्वर घरचे माणसासारिखा येऊन शेजारी बसतो, हे युवराजांस ते दिवशी कळले. महाराजांनी तळहात फरशीवर टेकिला. मग हळूच म्हणाले, "हे धीं... हा हात माझा आहे." युवराजांनी मान हलविली. महाराज म्हणाले, "चांगला होता रे हात."

इतक्यात खालून ठोका बसला. बुवांचे छतास, म्हणजे आमचे फरशीस, झाडूचा दांडा. मातोश्री म्हणाल्या, "घ्या, चिडले बुवा! कमी कर, कमी कर तो!" युवराज आवाज उतरवावयास धावले. पुन्हा ठोका. महाराजांनी हात वर करून सर्वांस थांबविले. पुन्हा ठोका. महाराजांचे डोळे मोठे झाले, आणि ते म्हणाले, "कमी नको करू. समेवर मारतोय तो." आणि खरेच, प्रत्येक आवर्तनास, जेथे सम, तेथेच दांडा. जो गळा कानांस ऐकू येत नव्हता, तो खालून तळपायाशी येऊन सम दाखवीत होता. मग महाराजांनी गवसणीची गाठ सोडिली, उरलेला अर्धा गोळा धुम्यावर थापिला, वाद्या ओढून पाहिल्या, आणि पुढील ठोक्यास बरोबर समेवर डावा हात टाकिला. कोपऱ्यातला धुमा आणि मांडीवरचा धुमा एक झाले. युवराजांनी यंत्राचा आवाज हळूहळू उतरविला आणि अखेर बंद केला, ते महाराजांस कळलेही नाही. खालून दांडा चालू, वरून हात चालू, आणि एकही सम चुकली नाही.

थोड्याच वेळात दार वाजले. बुवा धोतर सावरीत, हाती झाडू तैसाच, धापा टाकीत आत आले. म्हणाले, "विश्राम, गधड्या! माझ्या ताटातली वाटी चालत चालत कडेला गेली. मी म्हटलं, हा हात दुसऱ्या कुणाचा नाही." महाराज ओरडले, "काय म्हणतोस?" बुवांनी झाडूचा दांडा फरशीवर आपटला. महाराज हसले आणि म्हणाले, "हां, आता ऐकू आलं." बुवा मांडीवरचे पखवाजाकडे पाहात म्हणाले, "न्यायला येणार होतो हे." महाराज म्हणाले, "कोपरा सोडला त्याने, घर नाही सोडलं. तुझ्या नव्या पोराला सांग, शिकायला वर ये म्हणावं." बुवा मातोश्रींस म्हणाले, "वहिनी, चहा टाका. आणि कणीक थोडी जास्त भिजवत जा." मग बुवा समोर बसले आणि गावयास लागले, आणि दर समेस झाडू फरशीवर पडे, आणि महाराजांचे हात त्याजवर उतरत. अंधार पडेतो ऐसा समारंभ चालला. युवराज कोपऱ्यात पेटाऱ्यास पाठ टेकून बसले होते. पेटारा बंद होता, तरी पखवाजाबरोबर आपोआप हलत होता, ते पाठीस कळत होते.

तात्पर्य, द्रव्य थोडे, पेटारा जुना, स्वारी करणारा भित्रा. तथापि खोल नाद राज्यात पुन्हा गादीवर बसला. सांध्यातली कणीक पुढे सुकून पडली, तेथे लांबी भरली आहे. भजनास आता बुवा झाडू घेऊन बसतात, नवे लोक हसतात, ते हसोत. युवराजांचे ताटात लहान पोळी येत नाही. तिची आठवण येते, आणि ती न आल्याचा हर्ष त्याहून मोठा. लेखनसीमा.