वास्कोचा 'क'

वास्को बार्दाझ्झीच्या जिभेला हाड नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिचा डावीकडचा तुकडाही काढला. गाठ कॅन्सरची होती. त्या जागी त्याच्याच मनगटाची कातडी लावली आणि दोन महिन्यांत गडी पुन्हा बोलू लागला. 'स' जरा ओला निघायचा, एवढंच. त्याची बायको लोरियाना शेजारणींना ठणकावून सांगायची, "तुकडा गेला तरी माझ्या नवऱ्याची जीभ तुमच्या सगळ्यांच्या नवऱ्यांना पुरून उरेल!"

प्रश्न होता तोंबोलाचा, म्हणजे कार्डावरच्या आकड्यांच्या खेळाचा. प्रातोजवळच्या त्यांच्या गावात चेस्टनटच्या जत्रेला चर्चच्या अंगणात आकडे पुकारायचा मान तीस वर्षं वास्कोचा. यंदा समितीत त्याचा मेहुणा मोरेनो घसा खाकरून म्हणाला, "दाजींबद्दल मला आदरच आहे हो. पण लोकांना आकडे कळायला नकोत? हॉस्पिटलचा कागद आणू देत, वाचा ठीक असल्याचा." माइकवर त्याचा डोळा किती वर्षांपासून होता, ते शेंबडं पोरही सांगेल.

हॉस्पिटलात वाचा तपासायला ओत्ताविया नावाची तरुण बाई होती. दूर उत्तरेतल्या तुरीनहून येऊन तिला महिनाच झाला होता. तिने चित्रांची वही उघडली.

"हे घर. म्हणा, ला कासा."

"ला हासा."

"मित्र. आमीको."

"आमीहो."

"अंजीर. फीको."

"फीहो. अगं पोरी, माझी जीभ कापलीय, डोकं नाही. जरा अवघड काहीतरी विचार की!"

ओत्तावियाचा चेहरा उतरत गेला. चाळीसपैकी चौतीस ठिकाणी 'क' नाहीच. "वास्कोसाहेब," ती हळूच म्हणाली, "तुमचा 'क' गेलाय."

"कुठे गेला?" वास्को भडकला. "बाई, इटालियन भाषा आमच्या अंगणात जन्मली! तुमच्याकडे ती मागाहून आगगाडीने आली. धडधडीत म्हणतोय ना मी, ला हासा!"

"बघा, पुन्हा 'ह'च."

"मला तर बरोबर ऐकू येतंय," सोबत आलेली लोरियाना म्हणाली. ओत्तावियाने मायेने तिचा हात दाबला. घरच्यांच्या कानाला सवय होते, हे ती पुस्तकात शिकली होती.

"घाबरू नका. जीभ उचलायची आणि मागून टाळ्याला लावायची, की झाला 'क'."

"उचलली जीभ लावली टाळ्याला? तेच तर करत आलाय हा जन्मभर!" लोरियाना म्हणाली.

पण कागद हवा होता. कॅन्सर झाला तेव्हा वास्को रडला नव्हता. माइक मोरेनोच्या हातात जाणार, या विचाराने मात्र त्याचे डोळे भरून यायचे. सहा आठवडे तो रोज सकाळी आरशासमोर का-को-कू करत उभा राहिला. परसातल्या कोंबड्या त्याला उत्तरं द्यायच्या. शेवटी ऑक्टोबरात निकाल लागला, चाळीसपैकी चाळीस! ओत्तावियाचा हा नव्या गावातला पहिला विजय. कागद पर्समध्ये घालून ती स्वतःच रविवारी जत्रेला आली.

अंगण गच्च भरलं होतं. वास्कोने पिशवीत हात घातला, चोवीसचा आकडा काढला आणि छाती फुगवून पुकारला, "वेंतिक्वात्रो!"

'क' कडी घातल्यासारखा खट्कन वाजला. चेस्टनट भाजणाऱ्याचा झारा हवेतच राहिला. बेकरीवाल्या नोर्माने डोळ्यांना रुमाल लावला. "अरे देवा, काय करून ठेवलं रे डॉक्टरांनी! तुरीनवाल्यांसारखा बोलायला लागला बिचारा!"

"जीभच तिकडची बसवली वाटतं," मागून कोणीतरी कळवळलं.

मोरेनो लगेच उठला. "राहू द्या दाजी, दमलात तुम्ही. आणा तो माइक."

झालं! सहा आठवड्यांची तपश्चर्या एका क्षणात गेली. "गाढवा, हात लावशील तर याद राख! चोवीस आलाय, चोवीस! वेंतिह्वात्रो! ऐकू आलं का रे? वेंतिह्वात्रो!"

टाळ्यांनी अंगण दणाणलं. "आला! आपला वास्को परत आला!" म्हणत नोर्मा आता खरीच रडायला लागली. वास्कोचा ओला 'स' पहिल्या रांगेला तुषार देत होता, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. मोरेनो खाली बसला आणि त्याने मुकाट्याने आपल्या कार्डावरच्या चोवीसवर बी ठेवली.

ओत्ताविया कान देऊन ऐकत होती. नोर्मा बोलली, पाद्रीबाबा बोलले, चेस्टनटवाला बोलला, सगळीकडे 'हासा' नि 'फीहो'. तिने लोरियानाला कोपराने ढोसलं. "काकू, हे आजारपणाआधीही असंच बोलायचे?"

"असंच म्हणजे?" लोरियानाने मान ताठ केली. "शुद्ध बोलायचा!"

ओत्तावियाने पर्समधून कागद काढला आणि चाळीसवर काट मारली. लोरियानाने घाबरून तिचं मनगट धरलं. "का गं? पुन्हा गेला का त्याचा 'क'?"

"गेला, काकू," ओत्ताविया हसत म्हणाली, "आता कुठे पूर्ण बरे झाले ते."