व्हर्डेल ब्रेक्केच्या टपालपेटीचा बाण

"काउंटीचा नियम म्हणजे शेवटी काय रे? कुंपणच ना? आणि मला ज्यात फट सापडली नाही, असं कुंपण अजून कुणी घातलेलं नाही!"

हे वाक्य व्हर्डेल ब्रेक्केने गावातल्या कॅफेत, भरल्या टेबलावर, मुद्दाम वरच्या पट्टीत टाकलं. कारण कोपऱ्यात डेल्मर कॉफी पीत बसला होता. डेल्मर म्हणजे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्तेखात्याचा माणूस. उन्हाळ्यात तो रस्त्याकडेच्या टपालपेट्या न् पाट्या मोजपट्टी लावून तपासायचा आणि हिवाळ्यात बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा. म्हणजे हिवाळ्यात पेट्या पाडायच्या, आणि उन्हाळ्यात 'पेटी पडलेली का?' म्हणून विचारायला यायचं!

व्हर्डेलची पेटी तर दर हिवाळ्यात आडवी व्हायची. एकदा चिडून त्याने जुन्या नांगराच्या लोखंडावर पेटी ठोकली. रणगाडा आला तरी हलणार नाही अशी! दुसऱ्याच दिवशी डेल्मर हजर.

"काढ ते. गाडी आदळली तर खांब मोडला पाहिजे, माणूस नाही."

"आणि माझी पेटी?"

"ती मोडलेली चालते."

पण व्हर्डेलचं खरं दुखणं निराळंच होतं. टपालगाडी ज्या बाजूने येते, त्याच बाजूला पेटी हवी, असा नियम. व्हर्डेलचं घर रस्त्याच्या अलीकडे, टपालगाडी पलीकडून जाणार. त्यामुळे त्याची पेटी उभी होती पलीकडे, थेट शेजारी ऑर्लिनच्या वाटेच्या तोंडाशी! दोघांच्या वाटा समोरासमोर, दोघांची घरं स्प्रूसच्या झाडांच्या दाट रांगांमागे लपलेली. पेटीवर 'ब्रेक्के' वाचून येणारा जाणारा बिनधास्त ऑर्लिनकडे वळायचा. घर तापवायची भट्टी दुरुस्त करणारा, गवताचे भारे घेणारा, एकदा तर व्हर्डेलचा सख्खा मावसभाऊ! आणि ऑर्लिन कानाने जड, पण असा, की ऐकू येवो न येवो, आलेल्या माणसाला कॉफी पाजल्याशिवाय सोडायचा नाही. मावसभाऊ तिथे जेवूनच आला.

व्हर्डेलने मग पाटी रोवली, 'ब्रेक्के समोर राहतात.' डेल्मरने ती उपटली. रस्त्याच्या हद्दीत खाजगी पाटी चालत नाही.

एरवी व्हर्डेलने हे सगळं सोडून दिलं असतं. पण या हिवाळ्यात चर्चमध्ये नवी ऑर्गनवाली आली. आर्डिथ. विधवा, हसरी, आणि ऑर्गनवरून नजर वर करायची ती थेट व्हर्डेल उभा असायचा त्या ओळीकडे. निदान व्हर्डेलचं तसं मत होतं. त्याची स्वतःची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच नवा शर्ट घेतला. गाव पाहत होतं. आमच्याकडे नवा शर्ट झाकून राहत नाही.

शेवटी धीर करून त्याने तिला रविवारी जेवायला बोलावलं. एकटीला कसं बोलवायचं? म्हणून नवे पाद्री हेल्गेसन आणि त्यांच्या बाई यांनाही बोलावलं. पाद्रीही गावात नवेच. आता हे तिघं जर ऑर्लिनकडे वळले, तर?

व्हर्डेल आठवडाभर गोदामात कोंडून घेऊन ठोकाठोक करत होता. मग त्याने डेल्मरला स्वतःहून बोलावलं.

"घे, मोज!"

लाकडी खांब, नियमात होता तसा. रस्त्यापासून मागे रोवलेला. त्यावर एक लांब आडवा हात, हाताच्या टोकाला पेटी. ट्रकचा धक्का लागला की हात दारासारखा फिरणार, आणि बिजागरी तिरकी असल्यामुळे आपल्याच वजनाने परत जागेवर येणार! आणि त्या हातावर, टोकदार बाणाच्या आकाराची, लाल रंगाची भली थोरली नावाची पाटी: ब्रेक्के. बाणाचं टोक रस्ता ओलांडून थेट व्हर्डेलच्या वाटेकडे.

डेल्मरने खांब मोजला. उंची मोजली. डोकं खाजवलं.

"हा बाण पाटी आहे."

"छे! पेटीवर मालकाचं नाव हवं, हा तुझाच नियम ना? ते माझं नाव आहे. आता माझं नाव जरा टोकदार आहे, त्याला मी काय करू?"

डेल्मरने पुन्हा डोकं खाजवलं, आणि मोजपट्टी गुंडाळून निघून गेला. व्हर्डेल दोन दिवस कॅफेतून हललाच नाही. आर्डिथला त्याने फोनवर सांगितलं, "बाण बघायचा आणि वळायचं. आंधळासुद्धा चुकणार नाही!"

रविवार उजाडला तो पांढराफटक. पहाटेपासून बर्फ. व्हर्डेलने चर्चला दांडी मारली, कारण मांसाचा रोस्ट ओव्हनमध्ये होता आणि रोस्टला एकटं टाकून देवाकडे जायचा त्याला धीर होईना. तो बटाटे सोलत असताना रस्त्यावर ट्रक घरघरला, आणि 'टण्ण!' असा आवाज आला. लाकूड मोडल्याचा आवाज मात्र नाही!

"वाचली!" व्हर्डेल बटाट्याला म्हणाला. "डेल्मर, बघ लेका!"

बाहेर जाऊन पाहावं असं त्याला वाटलं नाही. हात फिरला असणार, परत आला असणार. इतकी हुशारी ज्याने केली, तो ती तपासायला कशाला जातोय?

जेवायची वेळ झाली. कुणी नाही. रस्ते निसरडे, होईल उशीर. गाजरं मऊ झाली. कुणी नाही. आर्डिथ पाद्र्यांच्याच गाडीतून येणार होती; त्यांच्या घरी फोन केला, कुणी उचलेना. रोस्ट आक्रसायला लागला. व्हर्डेलने शर्टाची वरची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. शेवटी तो माडीवर गेला आणि स्प्रूसच्या शेंड्यांवरून पलीकडे पाहिलं.

ऑर्लिनच्या अंगणात पाद्र्यांची गाडी!

व्हर्डेलचं डोकंच फिरलं. पाहुणेचोर! कॉफी पाजतो ते पाजतो, आता माझं लग्न... म्हणजे माझं जेवण पळवतो! तो ताडताड खाली उतरला. ओव्हनमधून ताटासकट रोस्ट काढला, हातात मोजे, पोटावर ॲप्रन, अंगात कोट नाही, आणि तसाच बर्फ तुडवत निघाला. दार ढकलून विचारणार होता, "आता याचं मी काय करू, सांगा!" वाक्य पाठ होतं. रस्ता ओलांडताना पेटीकडे पाहायचं सुद्धा त्याला भान राहिलं नाही.

त्याने लाथेने दार ठोठावलं. दार उघडलं, आणि आतून एकच गलका.

"आला! आला!"

"मी म्हटलं नव्हतं, रोस्ट तोच आणणार!" ऑर्लिन ओरडला.

पाद्र्यांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिथने लगबगीने टेबलावर जागा केली. तिथे व्हर्डेलसाठी खुर्ची, ताट, सुरी-काटा, सगळं मांडून ठेवलं होतं. व्हर्डेल पाठ केलेलं वाक्य विसरला. रोस्ट टेबलावर ठेवून त्याने ऑर्लिनला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"अरे, जेवण ठरवायचं होतं तर आदल्या दिवशी नाही का सांगायचंस?" ऑर्लिनच आधी कुजबुजला. त्याची कुजबूज चार खोल्यांत ऐकू जायची. "घर झाडलेलं नाही! पाद्रीणबाई दारात उभ्या, हातात जेली! म्हणाल्या, व्हर्डेलने जेवायला बोलावलंय. मी म्हटलं, त्याने सांगितलं असणार, मलाच ऐकू आलं नसणार."

"ऑर्लिन, ते माझ्या घरी—"

"घारी? या दिवसांत कुठल्या आल्या घारी!"

"माझ्या घ-री!"

पण ऑर्लिनचं लक्ष नव्हतं. तो कपाटातून निळ्या काठाची एक मोठी ताटली काढत होता, दोन्ही हातांनी, लहान बाळ उचलावं तशी. "माझी एव्हलिन गेल्यापासून ही बाहेर निघाली नव्हती रे," तो म्हणाला. "ताटलीचं सोड, मी तरी कुठे निघालो? कोण येतंय माझ्याकडे? वाट चुकलेला कुणीतरी, तोही एक कॉफी पिऊन पळतो. हे लोक बघ, बसलेत." त्याने बाहीने ताटली पुसली. "थँक यू, व्हर्डेल."

व्हर्डेलने ओट्यावरची सुरी उचलली. मग म्हणाला, "आण ती इकडे. रोस्ट कापू."

सगळे जेवायला बसतात न बसतात तोच बाहेर ट्रक थांबला. दारात डेल्मर, भुवयांवर बर्फ.

"ब्रेक्के इथे आहे?"

"आहे की! पण तुम्हाला कसं कळलं?" पाद्रीणबाईंनी विचारलं.

"बाण इकडेच म्हणतोय."

सगळे खिडकीशी धावले. आणि व्हर्डेलने पाहिलं. रस्त्याकडे पाठ करून, तो लांब हात पुरती अर्धी गिरकी घेऊन जागच्या जागी गोठला होता. लालभडक ब्रेक्के ऑर्लिनच्या दरवाजाकडे बोट रोखून उभा होता!

"आम्हीही बाण बघूनच वळलो," पाद्री म्हणाले. "फार उत्तम सोय आहे."

"सोय कसली?" डेल्मर म्हणाला. "पेटीचं तोंड रस्त्याकडे हवं. नियम आहे. ही तर रस्त्याला पाठ दाखवून—"

व्हर्डेल लाल झाला. ग्रीस! बिजागरीतलं ग्रीस थंडीत गोठलं होतं. ते सांगायला त्याने श्वास घेतला, आणि शेजारी पाहिलं तर आर्डिथचे डोळे भरून आलेले.

"तुम्ही मुद्दाम फिरवलात ना?" ती हळूच म्हणाली. "ऑर्लिन एकटे असतात. बोलावलं असतं तर ते आले नसते. म्हणून तुम्ही पाहुणेच त्यांच्याकडे पाठवलेत. आणि स्वतः मागून रोस्ट घेऊन आलात, कोट न घालता! व्हर्डेल, एवढं मोठं मन मी फार थोड्यांत पाहिलंय."

गोठलेलं ग्रीस व्हर्डेलच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. त्याने ते गिळलं.

"तसं... फार काही नाही हो त्यात," तो म्हणाला.

"पण सकाळी मी ट्रकने धडकलो तेव्हाच तर तो—" डेल्मरने सुरुवात केली.

"डेल्मर! उभा का? बस! रोस्ट घे! हा मोठा तुकडा घे! अजून घे!"

डेल्मरने व्हर्डेलकडे पाहिलं, आर्डिथकडे पाहिलं, रोस्टकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढली. त्यानंतर तो नियमांबद्दल एक अक्षर बोलला नाही. एक तर त्याला सगळं कळलं होतं, आणि दुसरं म्हणजे तो रोस्ट इतका वातड झाला होता की चावता चावता बोलणं कुणालाच जमत नव्हतं.

अंधार पडायच्या आत पाहुणे निघाले. आर्डिथने व्हर्डेलचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला.

"पुढच्या रविवारीही असंच! इथेच! रोस्ट तुमचा, केक माझा. आणि बाण असाच राहू दे हं."

"राहणारच," व्हर्डेल म्हणाला. ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी होती. वसंत येईपर्यंत ते ग्रीस सुटणार नव्हतं.

गाडी गेली. ट्रक गेला. व्हर्डेल रिकामं ताट काखोटीला मारून आपल्या घराकडे निघाला, तेवढ्यात मागून ऑर्लिनची हाक आली.

"व्हर्डेल! पुढच्या वेळी जरा वेळेवर येत जा रे! पाहुणे बोलवायचे आणि आपणच उशिरा यायचं, बरं दिसत नाही!"